मे महिन्यात, पंखा बंद करून

रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी आमच्या घरी चार गोष्टी ठरलेल्या क्रमाने होतात. खिडकी लागते, दाराच्या फटीला पायपुसणं दाबलं जातं, स्वयंपाकघरातला फ्रिज बंद होतो आणि शेवटी डोक्यावरचा पंखा. पंखा पूर्ण थांबेपर्यंत कुणी बोलत नाही. मग खोलीत जे काही उरतं, ते माइकला ऐकू येतं. २०२१ सालापर्यंत त्या उरलेल्यात सगळ्यात मोठा आवाज माझ्या कॉम्प्युटरचा होता.

मी ध्वनिसंपादनाचं काम करतो, बहुतेक मराठी पुस्तकांच्या वाचनांचं. कोथरूडच्या फ्लॅटमधली दहा बाय अकराची खोली हाच माझा स्टुडिओ. काचेपलीकडे वेगळी कंट्रोल रूम वगैरे नाही. वाचणारा माणूस, माइक, मी आणि मशीन, सगळे एकाच खोलीत.

जुनं मशीन २०११ सालचं. इंटेलचा आय५ २५००के, मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, मी तो ४.४ वर चालवत होतो. त्या पिढीत ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं, फार सरळ होतं. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन वेग ठरवणारा मल्टिप्लायर ४४ करायचा, व्होल्टेज चिमूटभर वाढवायचं, झालं. दहा वर्षं त्याने कुरकुर केली नाही. पण त्याच्या कूलरला छोटा पंखा होता आणि जड काम आलं की तो किंचाळायचा. म्हणून रेकॉर्डिंग चालू असताना मी कॅबिनेटवर गोधडी टाकायचो आणि दर दहा मिनिटांनी थांबून ती काढायचो, नाहीतर मशीन तापून बसायचं. माझ्याकडे नेहमी वाचायला येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. परिच्छेद संपला की त्याच विचारायच्या, "गोधडी काढतोस का रे आता?" अशाने वाचनाची लय तुटते. सूर लागलेला असताना माणसाला थांबवायचं आणि पुन्हा त्याच सुरात बोलायला सांगायचं, हा वाचणाऱ्यावर अन्याय आहे. ते मला फार लागायचं.

आवाजाच्या कामाला एवढा वेग कशाला, असं बरेच जण विचारतात. वाचणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज लगेच ऐकू यावा लागतो. जरा उशीर झाला तर जीभ अडखळते. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले आणि बफर, म्हणजे एका वेळी हाताळायचा घास, ६४ नमुन्यांचा ठेवला, तर प्रोसेसरला प्रत्येक घासासाठी फक्त १.३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात त्या ट्रॅकवरची सगळी साखळी पार पडली पाहिजे: घरघर काढणं, सूर सावरणं, 'स' आणि 'श'ची शिट्टी दाबणं, पातळी राखणं. ही कामं एकामागून एकच होतात, त्यामुळे एका ट्रॅकची साखळी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे एकाच गाभ्यावर, चालते. बाकीचे कोअर रिकामे असले तरी तिला मदत करू शकत नाहीत. वेळेत काम उरकलं नाही की रेकॉर्डिंगमध्ये 'टक्' असा काटा येतो. म्हणून मला एकट्या कोअरचा वेग हवा होता, जितका मिळेल तितका. आणि वेगासोबत येते उष्णता, तिच्यामागे पंखा आणि पंख्यामागे आवाज.

ठरवलं की आता नवं मशीन बांधायचं, ओव्हरक्लॉक करायचं आणि तेही असं, की माइकला त्याचा पत्ता लागू नये.

पार्ट्स घ्यायला तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात कॉम्प्युटरचं काहीही हवं असलं की पाय तिकडेच वळतात. ओळखीच्या दुकानदाराने यादी वाचली आणि कूलरच्या नावावर बोट ठेवलं.

"साहेब, ओव्हरक्लॉक करणार म्हणताय, मग लिक्विडच घ्या. ३६०चा देतो. हवेवर नाही भागत."

"पंपाचा आवाज येतो ना पण."

"तो कुठं ऐकू येतोय, साहेब?"

गल्लीत उभं राहून खरंच ऐकू आला नसता. त्याचंही चूक नव्हतं. पण लिक्विड कूलरमध्ये पाणी फिरवणारा पंप कधी थांबत नाही. मशीन नुसतं बसलेलं असलं तरी त्याची बारीक घूं चालूच असते, आणि तो आवाज नेमका अशा पट्ट्यात असतो की बोलण्यातल्या विरामात उघडा पडतो. मोठ्या हीटसिंकवरचा, म्हणजे उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पात्यांवरचा, मोठा पंखा हळू फिरवता येतो. पंख्याचा वेग निम्मा केला की त्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि कानाला १० डेसिबलची घट म्हणजेच अर्धा आवाज वाटतो. म्हणून नोक्टुआचा एनएच-डी१५ घेतला. दोन मनोरे, उष्णता वाहून नेणाऱ्या सहा नळ्या, पंख्यांसकट वजन १.३ किलोच्या वर, उंची १६५ मिलिमीटर. नऊ हजारांच्या आसपास पडला. कूलरला एवढे पैसे देताना हात जड होतो, पण माझ्या कामाला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला पार्ट तोच.

प्रोसेसर एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स. आठ कोअर, जाहीर वेग ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत. मदरबोर्ड बी५५० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची वाहतूक सांभाळणारी चिप), आणि त्याला कारण होतं. वरच्या दर्जाच्या एक्स५७० बोर्डांवर बहुतेक ठिकाणी चिपसेटवर एक इवलासा पंखा बसवलेला असतो. एवढा छोटा पंखा म्हणजे डासासारखी गुणगुण, आणि दोन वर्षांनी धूळ बसली की खरखर. बी५५० वर तो नसतो. ग्राफिक्स कार्डांचे भाव तेव्हा आभाळाला भिडले होते, पण मला खेळ खेळायचे नव्हतेच. ५८००एक्सला स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणून पडद्यापुरतं बिनपंख्याचं जीटी १०३० घेतलं, ३० वॅटचं. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, ६५० वॅटचा, गोल्ड दर्जाचा, भार कमी असला की स्वतःचा पंखा बंद ठेवणारा. माझं मशीन भर जोरात चाललं तरी सव्वादोनशे वॅटच्या आसपास ओढतं, त्यामुळे त्याचा पंखा मला आजवर फिरताना फारसा दिसलेला नाही. हार्ड डिस्क एकही नाही. जुनी रेकॉर्डिंग्ज बाहेरच्या डिस्कवर, काम झालं की ती उपटून कपाटात.

कॅबिनेट फ्रॅक्टल डिझाइनचं डिफाइन ७. आतून आवाज शोषणारा जाड थर लावलेले पत्रे, पुढे दार, १४० मिलिमीटरचे तीन पंखे सोबत. याबद्दल माझं मत आता थोडं बदललंय. आवाज कोंडून ठेवणारं कॅबिनेट उष्णताही कोंडतं. जाळीच्या कॅबिनेटमध्ये पंखे इतके हळू फिरवता येतात की कोंडायला आवाजच उरत नाही. आज घ्यायचं झालं तर मी दोन्ही तोलून बघेन. पण बिनपंख्याच्या कार्डाची कॉइल (तारेची गुंडाळी) कधी किणकिणली, तर त्या पत्र्यांचा उपयोग होतो, हेही खरं.

सगळं मिळून एक लाख पंधरा हजारांच्या घरात गेलं.

जोडणी जानेवारी २०२२ मधल्या एका शनिवारी केली. त्यातलं बरंच सरळ आहे, त्यावर फार लिहीत नाही. कूलर बसवण्यापुरतं सांगतो. बोर्डावरचे प्लास्टिकचे खाचे काढायचे, मागची मूळ पट्टी तशीच ठेवायची, तिच्यावर नोक्टुआच्या आडव्या पट्ट्या कसायच्या. मग प्रोसेसरवर उष्णता नेणारी पेस्ट. हीटसिंक ठेवल्यावर दोन्ही बाजूंचे स्प्रिंगवाले स्क्रू आळीपाळीने, दोन-दोन आटे फिरवत आवळायचे. एकच बाजू आधी आवळली तर पेस्ट तिरकी पसरते. माझी रॅम जरा उंच, ४४ मिलिमीटरची निघाली आणि पुढच्या पंख्याखाली फक्त ३२ मिलिमीटर जागा असते. पंखा १२ मिलिमीटर वर सरकवला. एकूण उंची १७७ झाली, कॅबिनेटमध्ये १८५ पर्यंत जागा होती. भागलं. जागा नसती तर रॅम बदलावी लागली असती. घेण्याआधी ही बेरीज कागदावर करून बघा, एवढंच सांगेन.

संध्याकाळी मशीन उठलं. सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण जुंपणारी टेस्ट, लावलं आणि दोन मिनिटांत प्रोसेसर ८५ अंशांवर. खोलीत बावीस अंश, बाहेर जानेवारीची थंडी, डोक्यावर सव्वा किलोचं अॅल्युमिनियम आणि तरी ८५. मला वाटलं, पेस्ट चुकली. रविवारी सकाळी, मशीन रात्रभर थंड पडलेलं असताना, स्क्रू सोडले आणि हीटसिंक सरळ वर उचलला.

त्याच्यासोबत प्रोसेसरही आला.

प्रोसेसर ज्यात बसतो त्या एएम४ सॉकेटची दांडी लावलेलीच होती, तरी प्रोसेसर त्यातून उपटून हीटसिंकच्या तळाला चिकटून वर आला. या पिढीच्या एएमडी प्रोसेसरला खालून १३३१ पिना असतात, केसासारख्या. त्यातल्या कडेच्या ओळीतल्या पाच वाकल्या होत्या. पोटात खड्डा पडला. चौतीस हजारांची वस्तू आणि चूक पूर्णपणे माझी. थंड पेस्ट गोंदासारखी धरते. आधी दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट कोमट करायची, मग हीटसिंक डावीकडे-उजवीकडे थोडा पिळत सोडवायचा आणि तेव्हाच उचलायचा. हे मी वाचलेलं होतं, पण घाईत विसरलो.

मुलीच्या कंपासमधली ०.५ ची पेन्सिल घेतली, शिसं काढलं. तिच्या टोकाची नळी एकेका पिनेवर अलगद सरकवायची आणि केसभर, अगदी केसभर, उभी करायची. मग एटीएम कार्डाची कड ओळींमधून उभी-आडवी फिरवून बघायची, कुठे अडते का. टेबलाचा दिवा, भिंग आणि दीड तास. शेवटी प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवल्यावर तो आपल्याच वजनाने खाली बसला, दाबावं लागलं नाही. मशीन उठेपर्यंत मी आणि मुलगी दोघंही गप्प उभे होतो.

आणि तापमान? तेच. ८५.

तेव्हा मी एक गोष्ट केली जी आधीच करायला हवी होती. टेस्ट चालू असताना हीटसिंकच्या पात्यांना हात लावला. जेमतेम कोमट. म्हणजे कूलरला काही काम पोचतच नव्हतं. ५८००एक्सचे आठही कोअर ८० चौरस मिलिमीटरच्या एकाच चकतीत असतात. अंगठ्याच्या नखाहून लहान जागा, तीही प्रोसेसरच्या मधोमध नसून कडेला, आणि तिच्यातून शंभरावर वॅट बाहेर पडायचे. अडचण होती ती उष्णता त्या नखाएवढ्या जागेतून वर येण्याची. वर आलेल्या उष्णतेला डी१५ सहज पुरत होता. याच्यावर तिप्पट मोठा कूलर ठेवला असता तरी फार फरक पडला नसता. पंखे पूर्ण वेगाने, १५०० फेऱ्यांवर, सोडून पाहिले. तापमान तीन अंश उतरलं आणि आवाज मात्र जुन्या मशीनची आठवण करून देणारा.

हे कळलं आणि माझं सगळं गणितच फिरलं. तोवर मी समजत होतो की शांतता कूलरमध्ये विकत मिळते. खरं तर ती व्होल्टेजमध्ये होती.

प्रोसेसरची उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. माझ्याच आकड्यांवर मांडतो. मार्चमध्ये मी जुन्या सवयीने आठही कोअर ४.७ गिगाहर्ट्झला खिळवले आणि त्यासाठी व्होल्टेज १.३२५ द्यावं लागलं. त्याआधी सगळे कोअर एकत्र चालताना ४.५५ ला १.२० च्या आसपास राहत होते. वेग वाढला ३ टक्के. व्होल्टेजचा वर्ग आणि वेग दोन्ही धरून उष्णता वाढली सुमारे २६ टक्के. तापमान नव्वदीला टेकलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला जे हवं होतं तेच हरवलं. मोकळं सोडलं तर हा प्रोसेसर एकट्या कोअरवर ४.८५ पर्यंत स्वतःहून चढत होता, मी त्याला ४.७ ला बांधून ठेवलं होतं. आठही कोअरचा आकडा छान दिसायचा, पण माझी साखळी मात्र आधीपेक्षा सावकाश चालायची. २०११ ची विद्या २०२२ च्या प्रोसेसरवर चालत नाही. हे पचायला मला दोन आठवडे लागले.

मग उलट्या वाटेने निघालो. बायोसमध्ये एएमडी ओव्हरक्लॉकिंगचा वेगळा भाग असतो. आत शिरताना तो धोक्याची सूचना वाचून मान्य करायला लावतो, कारण इथे काही बिघडलं तर वॉरंटी लागू होत नाही. आत प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, म्हणजे प्रोसेसरला आपणहून जास्त वेग घेऊ देणारी सोय, आणि तिच्या पोटात कर्व्ह ऑप्टिमायझर. प्रत्येक वेगासाठी किती व्होल्टेज मागायचं, याचा एक आलेख प्रत्येक कोअरकडे असतो. कंपनीने तो सगळ्यांना पुरेल असा सैल शिवलेला असतो. तुम्ही तो कोअरगणिक आवळू शकता, शून्यापासून उणे ३० पर्यंत. एक पायरी म्हणजे ३ ते ५ मिलिव्होल्ट. व्होल्टेज कमी लागलं की उष्णता कमी होते, आणि जागा मिळाली की प्रोसेसर आपणहून वेग वाढवतो. एकाच स्क्रूने वेग वर आणि आवाज खाली, असं पहिल्यांदाच पाहिलं.

एक सांगून ठेवतो. या प्रोसेसरवर एकट्या कोअरला हलकं काम असताना व्होल्टेज १.४५ च्याही वर गेलेलं दिसतं. बघून छातीत धस्स होतं, पण प्रवाह कमी असताना ते क्षणभर चालतं, त्याची रचनाच तशी आहे. तेवढंच व्होल्टेज हाताने कायमचं बांधून सगळ्या कोअरना देणं मात्र घातक.

आधी सगळ्या कोअरना उणे २५ दिलं. सिनेबेंचची दहा मिनिटं निर्धोक, प्राइम९५ या तशाच टेस्टचा तासभरही निर्धोक. ऊर्जेची मर्यादा मूळ १४२ वॅटची १२० वर आणली, वेगाची कमाल १०० मेगाहर्ट्झने वाढवली. एकटा कोअर ४.९ च्या पुढे जाऊ लागला आणि सगळे मिळून ४.५५. तापमान आधीपेक्षा दहा-बारा अंशांनी खाली. मी खूश.

तिसऱ्या रात्री मशीन आपोआप रीस्टार्ट झालेलं सापडलं. काम काहीच चालू नव्हतं, मी झोपलेलो होतो. वीज गेली असेल म्हणून सोडून दिलं. पाचव्या रात्री पुन्हा. यूपीएसची नोंद स्वच्छ. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत मात्र हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या व्हीया-लॉगरची लाल ओळ, क्रमांक १८, आणि त्यात कोणत्या कोअरवर घडलं त्याचा आकडा. हा प्रकार समजायला अवघड आहे, म्हणून नीट सांगतो. आपण टेस्ट लावतो तेव्हा सगळे कोअर दमलेले असतात, वेग मध्यम असतो. पण मशीन निवांत असताना एखादं छोटं काम येतं, एकच कोअर झोपेतून उठून थेट ४.९ वर उडी मारतो, आणि त्या उडीच्या क्षणी आवळलेलं व्होल्टेज अपुरं पडतं. म्हणजे भर उन्हात धावून दाखवणारा माणूस पहाटे अंथरुणातून उठताना कोलमडतो, तसं.

त्यासाठी कोअरसायकलर नावाची छोटी मोफत स्क्रिप्ट आहे. ती एकेका कोअरवर आळीपाळीने प्राइम९५ चालवते, बाकीचे मोकळे ठेवते. रात्री लावायची, सकाळी बघायचं. सात रात्री गेल्या. निष्कर्ष असा निघाला की प्रोसेसर स्वतः ज्यांना सर्वोत्तम ठरवतो ते दोन कोअर जास्त आवळून घेत नाहीत. ते आधीच कमी व्होल्टेजवर तोललेले असतात. त्यांना उणे १० वर आणलं, बाकी सहा उणे २५ वर ठेवले. त्यानंतर ती लाल ओळ पुन्हा आली नाही.

आता पंखे. खोलीत बसून मला एक गोष्ट छळत होती. मशीन शांत होतं, तरी कुठून तरी एक हलका हेलकावा यायचा. भोंऽऽ... भोंऽऽ... सेकंदाला दीड-दोनदा. आवाज मोठा नव्हता, पण एकदा लक्षात आल्यावर दुसरं काही सुचेना. माइक कॅबिनेटजवळ नेला, रेकॉर्ड केलं आणि आलेख उघडला. १०५ हर्ट्झच्या जवळ दोन शिखरं, एकमेकांना खेटून.

ज्याने तानपुरा जुळवलाय त्याला पुढचं सांगायला नको. जोडीच्या दोन तारा केसभर बेसूर असल्या की असाच हेलकावा येतो. डी१५ च्या पंख्याला सात पाती आहेत. मिनिटाला ९०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १५, गुणिले सात, १०५ हर्ट्झ. दुसरा पंखा ९१५ वर फिरत असेल तर १०६.७५. फरक पावणेदोन, म्हणजे सेकंदाला पावणेदोन हेलकावे. दोन्ही पंखे एकाच वायरवर असले तरी तंतोतंत सारखे कधीच फिरत नाहीत. दोघांना बोर्डावरच्या वेगवेगळ्या पिनांवर लावलं आणि मागचा मुद्दाम ६० फेऱ्यांनी हळू केला. हेलकावा इतका जलद झाला की तो कानाला जाणवेनासा झाला. पुढे २०२४ मध्ये या कूलरची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात कंपनीनेच दोन पंख्यांच्या वेगात थोडा फरक ठेवलाय, याच कारणासाठी. ते वाचून मला फार बरं वाटलं होतं.

दुसरा त्रास रायझनचा स्वभाव. ब्राउझर उघडला तरी तापमान एका क्षणात ४२ वरून ६० वर जातं आणि लगेच उतरतं. पंखा बिचारा त्यामागे धावतो, उठतो, बसतो. एकसारखा हलका आवाज कान विसरतो, बदलणारा आवाज विसरत नाही. फॅन कंट्रोल नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रतिसादाला उशीर लावता येतो. ७० अंशांपर्यंत ६५० फेऱ्या, हलायचंच नाही. त्यापुढे हळूहळू, तेही काही सेकंद तापमान टिकून राहिलं तरच. ८२० च्या आसपास कॅबिनेटचा पत्रा साथ द्यायला लागतो असं आढळलं, तर तो टप्पा पंख्यांनी न थांबता ओलांडायचा. कॅबिनेट टेबलावरून उतरवून जमिनीवर दुहेरी सतरंजीवर ठेवलं, तेव्हा लाकडातून येणारा उरलासुरला कंपही गेला.

मोजमाप मी मोबाइलच्या अॅपवर ठेवलं नाही, इतक्या खालच्या पातळीवर ती अॅप्स भरवशाची नसतात. माझा माइक, तीच पातळी, तीच जागा, वाचणाऱ्याची खुर्ची रिकामी. जुन्या मशीनसोबत खोलीची घरघर उणे ५४ डेसिबल यायची (उणे आकडा जितका मोठा, तितकी खोली शांत). ऑडिबलच्या एसीएक्स या ऑडिओबुक स्वीकारणाऱ्या मंचाची अट उणे ६० ची आहे, त्यामुळे माझी प्रत्येक फाइल साफसफाई केल्याशिवाय नापास व्हायची, आणि साफसफाईत आवाजाचा पोत थोडा तरी जातोच. नव्या मशीनसोबत उणे ६८. मशीन पूर्ण बंद ठेवून मोजलं तेव्हा उणे ६९.

पण हे सगळे आकडे मार्चचे. माझी परीक्षा मे महिन्यात होती. कूलर हवेपेक्षा किती अंश वर राहायचं तेवढंच ठरवतो, हवा कुठून सुरू होते ते ऋतू ठरवतो. जानेवारीची २२ अंशांची खोली मे महिन्यात दुपारी ३४ ची होते. आणि रेकॉर्डिंगला तर खिडकी बंद, पंखा बंद, आत दोन माणसं. परदेशातल्या चाचण्यांमध्ये खोलीचं तापमान वीस-बावीस धरलेलं असतं. तिथे ७० दिसलं तर इथे त्यात बारा मिळवूनच बघायचं. मे महिन्यातल्या एका दुपारी, मुद्दाम सगळं बंद करून सिनेबेंच लावलं. ८२ ला स्थिरावलं, पंखे ९५० वर. प्रत्यक्ष कामात मात्र, पूर्ण साखळी चालू असताना, ६४ च्या वर गेलं नाही. म्हणजे पंखे हललेच नाहीत. ६४ चा बफर, एकही काटा नाही.

त्याच आठवड्यात बाई वाचायला आल्या. ओलं फडकं खांद्यावर टाकून सलग चाळीस मिनिटं वाचलं त्यांनी. मला एकदाही थांबवावं लागलं नाही. मध्येच एका जागी त्यांचा आवाज भरून आला, त्या थांबल्या, सावरल्या आणि पुढे वाचत गेल्या. तो विराम मी जसाच्या तसा ठेवलाय. गोधडीच्या काळात तो मिळाला नसता.

रात्री ऐकताना त्या विरामात काहीतरी होतं. अगदी बारीक, टिकटिक. आलेख ताणून पाहिला, सारख्या अंतरावर रेघा, सेकंदाला पाच. काही पंख्यांची मोटर मंद वेगात अशी टिकटिकते, म्हणून पहिला संशय पंख्यावरच. एकेक पंखा उपटून, बारा वाजेपर्यंत रेकॉर्ड करत बसलो. कशातच ती टिकटिक येईना. सगळे जोडले, तरी येईना.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, खुर्चीत बसल्या, पान उलटायला डावा हात माइकजवळ नेला. मनगटावर चावीचं जुनं एचएमटी.

"बाई, घड्याळ काढून ठेवता का जरा?"

"का रे, घाई आहे?"

त्यांना हेडफोन लावून ते ऐकवलं. बराच वेळ त्यांनी हेडफोन काढला नाही. मग घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं, पर्स बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली आणि दार लावून आल्या. मी खिडकी लावली, पायपुसणं फटीला दाबलं, फ्रिज बंद केला. पंखा थांबायची आम्ही वाट बघत बसलो.